'ला प्रँसेस द क्लेव्ह' : इतकी नावं का, आणि शेवटी ती नाही का म्हणते

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगते. फ्रेंचची बी-टू ही वरची पातळी झालेल्या एका मुलीने विचारलंय की मादाम द ला फायेतची ही कादंबरी मोठ्या हौसेने घेतली, पण पहिल्या वीस-पंचवीस पानांत नुसती नावंच नावं, कोण कुणाचा मेहुणा आणि कोण कुणावर खार खाऊन आहे, डोकं गरगरलं. वर कुणीतरी शेवट फोडून टाकलाय, की नवरा गेल्यावर रस्ता अगदी मोकळा असतानाही ती ज्याच्यावर जीव टाकते त्यालाच नाही म्हणते. तर मग हे वाचायचं कशाला, आपल्याकडच्या पतिव्रतेच्या गोष्टी काय कमी आहेत का, असा एकूण सूर आहे.

सूर मला ओळखीचा आहे कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही हाच होता. गेली बावीस वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवतेय, वरच्या लेव्हलच्या बॅचबरोबर हे पुस्तक आठ-नऊ वेळा तरी वाचून झालं असेल, आणि दर वेळी वर्गात निम्मे लोक तिला पतिव्रता म्हणतात आणि निम्मे बावळट म्हणतात. माझ्या मते दोन्ही चूक. पण तिथवर जायला आधी ती नावं पार करायला हवीत.

नावांचं असं करा. लग्नाच्या हॉलमध्ये सासरच्या चाळीस माणसांची ओळख करून देतात तेव्हा आपण काय करतो, हो हो म्हणून हसतो आणि पुढे सरकतो, कामाची चार माणसं नंतर आपोआप लक्षात राहतात. इथेही तसंच सरका. गोष्ट १५५८ च्या शरदात सुरू होते आणि साधारण वर्षभर चालते. फ्रान्सचा राजा आन्री दुसरा. त्याची राणी कातरीन द मेदिची. आणि दोघांच्या मध्ये दियान द प्वातिए, राजापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी, तरी राजा उघडउघड तिचाच. युवराजाची बायको मारी स्टुअर्ट, हो, तीच स्कॉटलंडची, तेव्हा सोळा वर्षांची, पुस्तकात तिला 'रेन दोफीन' म्हटलंय, आणि दरबारातली निम्मी बातमी तिच्याच खोलीतून फिरते. मग आपली नायिका मादमोआझेल द शार्त्र, तिची आई, तिचा काका विदाम द शार्त्र (विदाम हा सरदारी किताब), नवरा मस्य द क्लेव्ह, आणि तिचा जीव जडतो तो ड्यूक द नमूर. बस. बाकीचे सगळे वऱ्हाडी.

गंमत अशी की यातली बहुतेक माणसं खरी होऊन गेलेली आहेत. नमूर खरा, विदाम खरा, राजाराण्या तर खऱ्याच. नायिका मात्र लेखिकेने मनाने घडवलेली. खऱ्या माणसांच्या गर्दीत एकच खोटी मुलगी सोडलीय आणि तिचं काय होतं ते बघितलंय. आणि तिला पाळण्यातलं नाव नाही. दोनशे पानं तुम्ही या मुलीच्या डोक्याच्या आत बसून असता, पण तिला घरी काय हाक मारत होते ते शेवटपर्यंत कळत नाही. आधी वडिलांच्या घराण्याचं नाव, मग नवऱ्याच्या. हे माझ्या लक्षात चौथ्यांदा वाचताना आलं, म्हणजे बघा.

लेखिकेचंही थोडं सांगते. मारी-मादलेन, जन्म १६३४ चा, लग्नानंतर काँतेस द ला फायेत. नवरा लांब ओव्हेर्न्यमध्ये आपल्या जमिनींचे कोर्टखटले सांभाळत असायचा आणि ही पॅरिसमध्ये. पत्रांसाठी प्रसिद्ध असलेली मादाम द सेव्हिन्ये तिची जिवलग मैत्रीण, आणि ला रोशफुको, तो कडवट सुभाषितांवाला, तिच्या घरी रोजचा. पुस्तक मार्च १६७८ मध्ये क्लोद बार्बेंने छापलं, चार छोट्या भागांत, लेखकाच्या नावाशिवाय. मोठ्या घरच्या बाईने कादंबरी लिहिली असं कळणं शोभणारं नव्हतंच, आणि तिने एका पत्रात तर सरळ कानावर हात ठेवले, वर तिऱ्हाईतासारखं पुस्तकाचं कौतुकही केलं! मला ते पत्र फार आवडतं.

आता ती पहिली पानं तिने अशी का लिहिली. मुलगी सोळाव्या वर्षात, आईने दरबारापासून लांब वाढवलेली, आणि पहिल्यांदाच आत येतेय. आत येताना तिला जी गर्दी दिसते, कुणाचं कुणाशी, कुठला गट, कोण राणीचा, कोण दियानचा, ती आपल्यालाही दिसते आणि आपणही तिच्यासारखेच भांबावतो. आई पुढे तिला सांगते की इथे वरवर जे दिसतं त्यावरून निष्कर्ष काढलास तर सतत फसशील, दिसतं ते जवळजवळ कधीच खरं नसतं. हे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा, कारण यापुढे सगळं पुस्तक म्हणजे कोण कुणाकडे बघतंय आणि त्यातून काय चुकीचं समजतंय, एवढंच आहे.

बघण्याचे प्रसंग मोजायला लागा. क्लेव्ह तिला पहिल्यांदा बघतो एका इटालियन जवाहिऱ्याच्या दुकानात, ती खडे जुळवत असते, तो टक लावून बघतो आणि ती अवघडते. लग्न होतं. त्याचं तिच्यावर अतोनात प्रेम, तिच्या मनात त्याच्याबद्दल आदर, आणि आदरापलीकडे काही नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत असतं. बिचारा तक्रारही करतो, पण ती तक्रार नक्की कशाची आहे हे तिला समजतच नाही, कारण जे तिच्यात नाहीये ते तिने अजून अनुभवलेलंच नाहीये. हा भाग किती शहाणपणाने लिहिलाय.

मग लूव्हर राजवाड्यातला बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ. नमूर तोवर बाहेरगावी, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, फक्त ऐकून आहेत. ती नाचाला जोडीदार शोधत असते, दारात गलबला होतो, राजा तिला ओरडून सांगतो की आत्ता जो आलाय त्याच्याबरोबर नाच. ती वळून बघते तर एक माणूस खुर्च्या ओलांडत येतोय. दोघं नाचायला लागतात आणि हॉलभर कौतुकाची कुजबुज उठते. नाच संपल्यावर राजाराण्या मजेत विचारतात, तुम्ही कुणाबरोबर नाचलात ओळखलं का. नमूर म्हणतो, मला शंकाच नाही. ती म्हणते, मला नाही बाई ओळखता येत. लगेच रेन दोफीन टोकते की तुलाही चांगलं कळलंय, आणि न पाहता ओळखलं हे कबूल न करण्यातच त्याचा मान आहे. म्हणजे मुलीने तोंडातून काढलेलं एक साधं खोटं भर दरबारात उलगडून दाखवलं गेलं, तिला स्वतःला काही कळायच्या आत. ही दोन पानं मी वर्गात दोन तास घेते.

पोर्ट्रेटचा प्रसंग त्याहून वरचढ. नवऱ्याकडे तिचं एक छोटंसं चित्र असतं, ते काही कारणाने डबीतून काढून टेबलावर ठेवलेलं. नमूर ते हळूच उचलतो. ती पडद्याच्या फटीतून बघते. आता काय करायचं? ओरडून मागितलं तर त्याचं प्रेम चारचौघांत जाहीर, एकांतात मागितलं तर त्याला बोलायची संधी दिल्यासारखं. ती गप्प बसते. तिने पाहिलंय हे त्याच्या लक्षात येतं, तो जवळ येऊन हळूच म्हणतो की पाहिलं असलंत तर पाहिलं नाही असं मला समजू द्या, आणि उत्तराची वाट न बघता निघून जातो. एकही शब्द न बोलता ती त्याच्या चोरीत सामील झाली. आणि वर नवरा चित्र शोधत शोधत थट्टेने म्हणतो, कुणा प्रियकराला दिलंस की काय!

मधे चार उपकथा येतात, दियानची, मादाम द तूर्नोंची, इंग्लंडच्या अ‍ॅन बोलिनची, आणि काका विदामची. त्या रटाळ वाटतात हे मान्य, माझ्या वर्गात इथे लोक मोबाईल काढतात. अ‍ॅन बोलिनची घाईने वाचलीत तरी चालेल, पण तूर्नोंची सोडू नका, कारण ती सांगताना नवरा सहज बोलून जातो की बायकोने मला येऊन सांगितलं की मला दुसरा आवडतो, तर मी नवऱ्याची भूमिका सोडून तिला सल्ला देईन. हे ती ऐकते. आणि लक्षात ठेवते.

म्हणून तो प्रसिद्ध आवू, म्हणजे कबुली. जागा कुलोमिए, पॅरिसच्या पूर्वेला, नवरा तिथे हवेली बांधत असतो. आज हे नाव लोकांना चीजमुळे माहीत, पण असो. ती दरबारात परत यायला नको म्हणते, नवरा कारण विचारतो, आणि ती त्याच्या पायाशी बसून सांगते की आजवर कुठल्या बाईने नवऱ्याला दिली नसेल अशी कबुली देते. माझं मन दुसरीकडे ओढ घेतंय, वागण्यात चूक झालेली नाही, मला फक्त इथून लांब राहू द्या. नाव सांगत नाही. आणि नमूर तेव्हा बागेतल्या मंडपात लपून सगळं ऐकतोय! हा योगायोग भयंकर सिनेमाछाप आहे हे तेव्हाच्या लोकांनाही वाटलं होतं, व्हालँकूर नावाच्या टीकाकाराने त्याच वर्षी एक अख्खं पुस्तक लिहून असल्या गोष्टींवर बोट ठेवलं. मला विचाराल तर मी लेखिकेला हा माफ करते, पण फुकट नाही, कारण त्या लपण्यातून पुढची सगळी पडझड होते. नमूरला राहवत नाही, तो नावं न घेता ही गोष्ट विदामला सांगतो, तिथून ती फिरत फिरत रेन दोफीनकडे, आणि ती ती गोष्ट सांगते कुणाला, तर खुद्द नायिकेलाच. घरी येऊन नवराबायको एकमेकांवर संशय घेतात की तूच बाहेर बोललास, तूच बोललीस. तिथे दोघंच होते ना! दोघंही खरं बोलतायत आणि दोघांनाही समोरचा खोटा वाटतोय. इतकं क्रूर आणि इतकं चोख मी कमी ठिकाणी वाचलंय.

या कबुलीवरून १६७८ मध्ये पॅरिसमध्ये रणच माजलं. 'मेर्क्यूर गालां' नावाच्या मासिकाने वाचकांनाच विचारलं की अशा बाईने नवऱ्याला सांगावं का गप्प बसावं, आणि पत्रांचा पाऊस पडला, बहुतेकांचं म्हणणं गप्प बसावं. लेखक ब्युस्सी-राब्युतांला तर कबुली साफ वेडेपणाची वाटली. उलट फोंतनेल या लेखकाने लिहिलं की मी पुस्तक चार वेळा वाचलं. आपल्याला वाटतं ऑनलाइन पोल ही आजची गोष्ट.

थोडं भाषेचं, कारण विचारणारी मूळ फ्रेंचमध्ये वाचतेय. शब्द सोपे दिसतात तिथेच फसगत होते. 'आमाँ' म्हणजे आजच्या अर्थाने लफडंवाला प्रियकर नव्हे, ज्याने प्रेम जाहीर केलंय तो, स्पर्शही झालेला नसेल. 'मेत्रेस' म्हणजे ज्या बाईवर प्रेम आहे ती, ठेवलेली बाई नव्हे (दियानच्या बाबतीत दोन्ही खरं, ते सोडा). 'आँन्वी' म्हणजे कंटाळा नाही, यातना. 'एतोने' म्हणजे नुसतं आश्चर्य नाही, वीज पडल्यासारखं होणं. हे चार शब्द माहीत नसतील तर सगळं पुस्तक गुळमुळीत वाटतं आणि दोष लेखिकेला जातो. पहिल्याच वाक्यातल्या 'गालाँतरी'ला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही, शृंगार म्हटलं तर फार होतं, दाक्षिण्य म्हटलं तर फार कमी.

आणि संबोधन. नवराबायको एकमेकांना 'व्हू', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', म्हणतात, 'मस्य', 'मादाम' म्हणतात. एकदा मी हा कबुलीचा प्रसंग मराठीत करायला दिला तर एकाने सुरुवात केली 'अहो, ऐका ना', अख्खा वर्ग हसला, पण बरोबर काय ते कुणालाच सांगता येईना. ती अहो म्हणणार हे ठीक, पण तो तिला काय म्हणेल? तू म्हटलं की समतोल गेला, कारण मूळात तोही तिला तितक्याच मानाने बोलतो. शेवटी आम्ही सरदार घराण्यातलं 'आपण' दोघांच्या तोंडी घातलं, आणि एकदम तो प्रसंग थंडगार आणि जास्त दुखरा झाला. करून बघा.

पुढचं भराभर. राजाला ज्योतिषाने सांगितलेलं असतं की द्वंद्वात मरशील, आणि ३० जून १५५९ ला खरोखरच भाल्यांच्या खेळात मोंगोमेरी नावाच्या सरदाराच्या भाल्याने डोळ्याला जखम होते, १० जुलैला राजा जातो. हे इतिहासातलं. त्याच खेळात नमूर पिवळा आणि काळा घालून येतो, का ते कुणालाच कळत नाही, फक्त तिला आठवतं की आपण एकदा त्याच्यासमोर म्हणालो होतो, मला पिवळा आवडतो पण माझे केस सोनेरी म्हणून घालता येत नाही. मग पुन्हा कुलोमिए, उन्हाळ्यातली रात्र, ती एकटी, केस मोकळे, आणि एका काठीला त्याच पिवळ्या-काळ्या फिती बांधतेय. 'कान देझँद', इंडीजची वेताची काठी, कधीकाळी नमूर वापरायचा ती. मग मेणबत्ती घेऊन मेत्स शहराच्या वेढ्याच्या चित्रापुढे बसते, कारण त्यात तो रंगवलेला आहे. बाहेर अंधारात तो तिला बघतोय, आणि त्याच्याही मागे नवऱ्याने पाठवलेला माणूस त्याला बघतोय. तीन नजरा, एकीत एक. त्या माणसाला एवढंच दिसतं की नमूर रात्री बागेत शिरला, दोन रात्री. पुढचं नवरा ऐकूनच घेत नाही. ताप चढतो आणि तो मरतो. झालेलं काहीच नसतं.

मरताना तो म्हणतो की मला सांगितलंस कशाला, इतके नवरे सुखाने आंधळे राहतात तसा मलाही राहू द्यायचा होतास. मी चाळिशी ओलांडल्यावर हे वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

आता मूळ प्रश्न. ती नाही का म्हणते? विदाम काका दोघांची भेट घडवून आणतो आणि तिथे ती आयुष्यात पहिल्यांदा नमूरला तोंडावर सांगते की हो, माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे विसरू नका, नकाराच्या आधी होकार आहे, आणि तो सांगताना तिला आनंद होतोय. मग दोन कारणं देते. पहिलं, नवरा तुमच्यापायी गेला, कर्तव्य आडवं येतं. लोक इथे थांबतात आणि पतिव्रतेचा शिक्का मारून मोकळे होतात. पण ती स्वतःच म्हणते की एवढं एकच कारण असतं तर मला पुरलं नसतं. दुसरं कारण सांगताना ती जे बोलते ते आपल्या कुठल्या पतिव्रतेच्या तोंडी येणार नाही. लग्न झाल्यावर पुरुषांचं प्रेम टिकतं का? माझ्या नवऱ्याचं टिकलं, तो कदाचित जगातला एकटाच असेल, आणि टिकलं कशामुळे, तर मी त्याच्यावर प्रेम करत नव्हते म्हणून. तुमचंही टिकलंय ते अडथळ्यांमुळे. तुमची बरीच प्रकरणं झालीत, पुढेही होतील, आणि आज माझ्याशी जसे आहात तसे उद्या दुसरीशी असलेले मला बघावं लागेल. वासना मला ओढून नेऊ शकते, आंधळं नाही करू शकत. असं स्वच्छ बोलते. तिला जे हवंय त्याला पुस्तकात शब्द आहे 'रपो'. शांती म्हणा, स्वस्थता म्हणा, रोज रात्री कुणाच्या चेहऱ्याकडे बघून आज आपलं स्थान किती घसरलं ते मोजायला न लागणं.

भित्री आहे का ती? असेल थोडी. आईने लहानपणापासून पुरुषांच्या बेइमानीच्या गोष्टी सांगून सांगून तिला घडवलंय, तेही आहेच. पण ज्या दरबारात सगळे बघून चुकीचं समजतात तिथे ही एक बाई बघून बरोबर समजते. आणि तेव्हाच्या वाचकांना खऱ्या नमूरची कीर्ती ठाऊक असणारच. फ्राँस्वाज द रोआँ नावाच्या बाईने तो लग्नाचं वचन मोडतोय म्हणून त्याच्यावर खटला केला होता, आणि त्याने १५६६ मध्ये लग्न केलं ते गीजच्या ड्यूकच्या विधवेशी.

तुमच्यासारखीच शंका मोठ्या लोकांनाही येते. २००६ मध्ये निकोला सार्कोझींनी सरकारी नोकरीच्या परीक्षेत या पुस्तकावर प्रश्न विचारणाऱ्याची जाहीर टर उडवली होती, खिडकीवर बसणाऱ्या बाईला याचं काय काम म्हणून. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००९ मध्ये प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी पॅरिसमध्ये पाँतेओंसमोर उभं राहून हे पुस्तक मोठ्याने वाचून काढलं, लोक बॅज लावून फिरायला लागले, पुस्तकाचा खपही वाढला. साडेतीनशे वर्षांच्या कादंबरीला इतकी चांगली जाहिरात कुणी फुकट केली नसेल.

तर वाचायचं असं. तळटीपा असलेली पॉकेट आवृत्ती घ्या, बॉलपासून सुरू करा, दुसरा भाग संपला की पहिली वीस पानं मागे जाऊन वाचा, तेव्हा ती नावं माणसं झालेली असतील. आणि शेवटच्या पानावर घाई करू नका. ती पिरनीजकडच्या आपल्या जमिनींवर निघून जाते, मोठं आजारपण येतं, पुढे वर्षातले काही महिने मठात आणि बाकीचे घरी. नमूर स्वतः जाऊन धडकतो, ती भेटत नाही, दुसऱ्या बाईकडून निरोप देते. मग एक वाक्य येतं, अगदी साधं, वर्गातली निम्मी मुलं त्यावरून नजर फिरवून पुढे जातात, की अशी वर्षंच्या वर्षं गेल्यावर काळाने आणि दुराव्याने नमूरचं दुःख सौम्य केलं आणि त्याचं प्रेम विझवलं.